नकार कळायला हवा

तुमच्या अँड्रॉइड फोनच्या लिनक्स कर्नलमध्ये एसईलिनक्स नावाचा पहारेकरी असतो. कोणी कशाला हात लावायचा, ते तो ठरवतो. त्याचे नकार ट्रेसमध्ये पाहायची सोय 2020 मध्ये, कर्नल 5.10 सोबत आली. पण तिथे परवानगी आकड्यात येते. नाकारलं: 4. फाइलच्या बाबतीत 4 म्हणजे लिहिणं. प्रोसेसच्या बाबतीत तोच 4 म्हणजे एक सिग्नल पाठवणं.

हे शब्दांत का लिहायचं? जाणकाराला आकडा पुरतो, आणि सगळं उघड केलं तर चोर शहाणा होईल, असं म्हणता येईल. पण आकड्यांचं कोष्टक सोर्स कोडमध्ये उघडंच आहे. चोर ते शोधतोच. अडतो तो नवखा.

आमच्या यावलच्या उत्तरेला सातपुडा. तिथले आदिवासी 2006 च्या कायद्याखाली वनहक्काचे दावे करतात. ग्रामसभेच्या ठरावाविरुद्ध दाद मागायला 60 दिवस मिळतात. दावा का फेटाळला तेच कळलं नाही, तर त्या 60 दिवसांत माणूस मांडणार काय?

नाही म्हणायचा अधिकार पहारेकऱ्याला असू द्या. पण न कळणारा नकार दोनदा नाकारतो: आधी मागणी, मग तक्रार. म्हणून कारण वाचता येणं ही मेहेरबानी नाही, तो नकाराचाच भाग आहे.