लुनेचा रंग

जुनी वस्तू दुरुस्त करायला घेतली, की पान्याच्या आधी एक प्रश्न येतो. थांबायचं कुठं? औताचं बघा. रुमणं बदललं, फाळ बदलला, दांडी बदलली. वीस वर्षांनी त्यात मूळचं लाकूड वीतभरसुद्धा राहत नाही, तरी आपण म्हणतो, हे आज्याचं औत. कुणाला त्यात खोटं वाटत नाही, कारण औत अजून रानात चालतंय. पण जी वस्तू कामातून गेली आणि आता फक्त माणसाची खूण म्हणून ठेवायची, तिथं हा हिशेब बसत नाही. तिथं दांडी बदलली तर खूणच गेली.

माझ्या थोरल्या भावाची, दादाची, लुना गोठ्याच्या आढ्याखाली पंधरा वर्षं उभी होती. ती चालू करायला घेतली तेव्हा हा सगळा विचार माझ्या मागं लागला.

लुना म्हणजे काय हे आता पोरांना सांगावं लागतं. आमच्या नगरला फिरोदियांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगनं 1972 साली ती काढली. इटलीच्या पियाजिओ कंपनीच्या चियाओ नावाच्या गाडीवरून ती बेतलेली. इंजिन 50 सीसीचं, दोन स्ट्रोकचं, पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचं. गिअर नाही. सायकलीसारखी पॅडल मारून चालू करायची, आणि वाटेत पेट्रोल संपलं तर तीच पॅडल मारत घरी यायचं. गाडी कसली, दमलेल्या सायकलीला इंजिन! पण गावाकडं मास्तर, पोस्टमन, दूधवाला अशा लोकांनी पायांना विश्रांती कशी असते हे तिच्यावरच बसून पाहिलं.

दादानं ती 1986 साली कर्ज काढून घेतली. मागच्या कॅरिअरला दोन्ही बाजूंनी दुधाचे कॅन लटकवायचा. पहाटे साडेचारला निघायचा, डेअरीवर दूध घालून, फॅट लावून, उन्हं वर येईस्तोवर परत. येताना पुढं पाय ठेवायच्या जागेत कडवळाची पेंढी. त्या गाडीवर माणूस बसलाय का गवत बसलंय, लांबून कळायचं नाही.

दादा गेला. पोरगा पुण्याला नोकरीला. दिवाळीत तो आला आणि म्हणाला, "नाना, ही गाडी आपण चालू करू. पण रंगाला हात लावायचा नाही. आहे तशीच ठेवायची. हल्ली लोक अशा जुन्या गाड्या ओरबाडलेल्या रंगासकट जपतात. रंग पुन्हा देता येतो, पण पहिला रंग एकदाच असतो."

त्याचं म्हणणं मला पटलं. कॅरिअरच्या दोन्ही अंगांना कॅन घासून घासून पत्रा चांदीसारखा उघडा पडला होता. उजव्या मुठीचं रबर अंगठ्याच्या जागी वाटीसारखं खोल गेलेलं. सीटला गोणपाटाच्या सुतळीनं घातलेले टाके, ते दादाच्याच हातचे, कारण गावात एवढे वाकडे टाके दुसरा कुणी घालत नव्हता. हे सगळं घासून, लांबी भरून, वरून चकचकीत रंग मारला तर मागं राहील ती कुणाचीही लुना. दादाची नाही.

मग तालुक्याच्या मिस्त्रीला बोलावलं आणि कामाची वाटणी केली. जिथं जिवाला धोका तिथं सगळं नवं. टायर, ट्यूब, ब्रेकचे लायनर, सगळ्या केबल, ऑइल सील. यात आठवण बघायची नाही. जुन्या टायरवर नुसतं प्रेम करून ब्रेक लागत नाही. कार्बोरेटर रॉकेलमध्ये धुतला, पॉईंट घासले, प्लग नवा टाकला. सायलेन्सर काजळीनं चोंदला होता, तो आमच्या जुन्या रीतीनं विस्तवावर जाळून झटकून काढला. पिस्टनच्या रिंगा बदलल्या.

आणि जिथं नुसतं डोळ्याचं काम, तिथं कमीत कमी. पत्र्याला आधी साबणाचं पाणी आणि मऊ फडकं. पंधरा वर्षांची शेण-माती निघाली तर खालून हिरवा रंग वर आला, आम्हाला वाटला होता त्याहून पुष्कळ शिल्लक. सँडपेपर मिस्त्रीच्या हातातून मी काढूनच घेतला. जिथं पत्रा उघडा आणि तांबेरला होता, तिथं सुटा गंज तेवढा ब्रशनं झाडून वर पातळ तेलाचा हात दिला. मिस्त्री म्हणत होता वरून लॅकर मारू. पण गंजावर लॅकर मारला तर ओल आत कोंडते आणि गंज आतल्या आत खात जातो. तेल परत परत लावावं लागतं, एवढाच त्याचा तोटा. वर्षातून दोनदा गाडीजवळ जावं लागेल, तर जाऊ.

इथवर आमचं सगळ्यांचं एकमत होतं. म्हणजे पुतण्याचं आणि माझं. वहिनींना कुणी विचारलंच नव्हतं असं नाही, त्या रोज चहा घेऊन गोठ्यात यायच्या, बघायच्या, बोलायच्या नाहीत. एक दिवस म्हणाल्या, "भाऊजी, रंग कधी देणार?"

मी म्हणलं, "रंग नाही द्यायचा वहिनी. अशीच ठेवायची. दादाची खूण म्हणून."

त्या म्हणाल्या, "खूण कशाची? ह्यांनी जन्मभर जुनंच वापरलं. फाटकं नेसले, शिवलेल्या सीटवर बसले. आता मेल्यावर तरी चांगलं दिसू द्या की."

मला उत्तर सुचलं नाही. आम्ही ज्याला कौतुकानं झीज म्हणत होतो, ती त्यांनी सोसली होती. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण खांदेमळणी करतो, बैलाच्या जुवानं घट्टे पडलेल्या मानेला हळद आणि तूप चोळतो. चांगली रीत आहे, मला फार आवडते. पण तो घट्टा बैलाला आवडतो का, हे आपण गृहीतच धरतो. सीटच्या टाक्यांकडं बघून पुतण्याला बाप दिसतो. वहिनींना त्यात नवं सीट घ्यायला पैसे नव्हते तो महिना दिसतो. दोघंही त्याच माणसाकडं बघतायत. यात खरं कुणाचं?

मी याचा बराच विचार केला. पंढरपूरला देवाच्या पायावर डोकं ठेवून ठेवून मूर्तीची झीज होते, म्हणून तिला वज्रलेप करतात. ती झीज भक्तीची आहे, म्हणून ती तशीच वाढू द्या, असं कुणी म्हणत नाही. वाढू दिली तर पायच राहायचे नाहीत. आणि मूर्ती झिजली म्हणून नवी बसवा, असंही वारकरी म्हणत नाही. मला त्यातनं एवढंच घेता आलं, की झीज थांबवणं वेगळं आणि झीज पुसणं वेगळं. पण वहिनींच्या प्रश्नाला हे उत्तर पुरत नव्हतं. देवाला लाज नसते. माणसाला असते.

शेवटी मी त्यांना गाडीजवळ बसवलं आणि म्हणलं, "वहिनी, एकेक जागा दाखवतो. तुम्ही म्हणाल ते जाईल, तुम्ही म्हणाल ते राहील." पुतण्याला हे रुचलं नाही. पण मी त्याला सांगितलं, गाडीवर तुझ्या बापाचे डाग आहेत खरे, पण ते धुतले तुझ्या आईनं.

कॅनचे घासे राहू द्या म्हणाल्या. ते कष्टाचे आहेत. अंगठ्याची वाटी राहू द्या, असं म्हणून त्यांनी स्वतःचा अंगठा त्यात ठेवून बघितला. सीटचे टाके बघून हसल्या, "हे काय टाके म्हणायचे? मला शिवायला दिलं नाही, तुझ्यानं सुतळी वढणार नाही म्हणे." ते राहिले. मला वाटलं आता काहीच जाणार नाही.

मग त्या मागच्या मडगार्डजवळ आल्या. तिथं ब्रशनं पिवळ्या अक्षरांत लिहिलेलं होतं, एका पतसंस्थेचं नाव आणि त्यापुढं 'तारण'. "हे तेवढं काढा," म्हणाल्या. "कर्ज चार वर्षांत फिटलं. पण हे कुणी पुसलं नाही. माझ्या माहेरी गाडी दारात लागली की पोरं हे मोठ्यांदा वाचायची."

पुतण्याचा नेमका त्यावरच जीव होता. म्हणाला, "आई, हा इतिहास आहे." त्याचंही चूक नव्हतं. त्या अक्षरांशिवाय ही गाडी आली कशी हे कळणार नाही. पण इतिहास दुसऱ्याच्या पाठीवर लिहिलेला असला, तर तो ठेवायचा का नाही हे पाठवाल्यानं ठरवावं, असं माझं मत पडलं. मी फडक्यावर थिनर घेतलं. कारखान्यातला भट्टीत भाजलेला रंग सहसा हलत नाही, वरचं पेंटरचं काम मात्र सुटून येतं. पाच मिनिटांत पिवळं सगळं निघालं.

आणि अक्षरं तिथंच! भोवतीचा हिरवा इतक्या वर्षांच्या उन्हानं विटला होता, अक्षरांखालचा झाकलेला हिरवा 1986 सालासारखा ताजा. 'तारण' आता हिरव्यावर हिरवं, आधीपेक्षा सुबक दिसायला लागलं. पुतण्या मागं वळून हसला. वहिनी हसल्या नाहीत.

मग एकटं मडगार्ड खोलून पेंटरकडं नेलं. त्यानं ते हातात घेऊन फिरवून बघितलं आणि विचारलं, "हिरवा कुठला मिसळू? हा विटलेला, गाडीला जुळंल असा? का ह्या अक्षरातला?"

मी वहिनींना फोन लावला. त्या म्हणाल्या, "गाडी आणली त्या दिवशीचा."

आता सगळी लुना विटकी आहे आणि मागचं मडगार्ड नवंकोरं. बघणारे विचारतात, एवढंच का रंगवलं. पुतण्या सांगतो, आईला विचारा.