चोरीचा माल आणि सज्जन गिऱ्हाईक

चोर कोण, हा प्रश्न तसा सोपा वाटतो. ज्याने उचलले तो चोर! पण इंग्लंडचा कायदा जरा निराळा विचार करतो. १९६८ च्या थेफ्ट अ‍ॅक्टप्रमाणे चोरीला जास्तीत जास्त ७ वर्षांची शिक्षा आहे आणि चोरीचा माल जाणूनबुजून घेणाऱ्या-खपवणाऱ्याला मात्र १४ वर्षांची! म्हणजे चोरापेक्षा त्याचा व्यापारी दुप्पट दोषी. हे प्रथम खटकते. पण माल खपलाच नाही, तर चोर चोरी करील कशाला?

लंडनकरांना हा प्रश्न आता पुस्तकी राहिलेला नाही. पोलिसांच्या आकड्यांप्रमाणे या शहरात २०२३ साली सुमारे ६४,००० आणि २०२४ साली सुमारे ८०,००० फोन चोरीला गेले. ई-बाईकवरून कोणी येतो, हातातला फोन हिसकावतो आणि दिसेनासा होतो. हे फोन जातात कुठे? २०२४ च्या नाताळात हीथ्रोजवळच्या एका गोदामात हाँगकाँगला निघालेली एक पेटी सापडली. तिच्यात सुमारे हजार फोन होते! त्या धाग्यावरून २०२५ साली परदेशी माल पाठवणारी मोठी टोळी उघडकीस आली. त्याच वर्षी उत्तर लंडनमधल्या जुन्या फोनच्या काही दुकानांवरही छापे पडले. चोर आणि पेटी यांच्यामध्ये कोणीतरी 'घेणारा' असतोच.

मग अशा दुकानांवर सरकारने निर्बंध घालावेत का? विकणाऱ्याचे ओळखपत्र पाहणे, फोनचा आयएमईआय क्रमांक वहीत नोंदणे, माल काही दिवस न विकता राखून ठेवणे, रोख पैसे न देणे, असे ते निर्बंध.

ही कल्पना नवी नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात चौथ्या अधिकरणात याची चर्चा आहे. वस्तू हरवली वा चोरीस गेली, तर त्या मालाच्या व्यापाऱ्यांना कळवावे. कळल्यावरही ज्याने ती लपवली तो गुन्ह्यात सामील समजावा. आणि जुन्या वस्तूची विक्री किंवा गहाण बाजाराच्या अधिकाऱ्याला कळवल्याशिवाय होऊ नये. आजच्या पोलीस अधिकाऱ्याला याहून जास्त काय हवे आहे?

इथल्या कायद्यांतही उदाहरणे आहेत. रेल्वेच्या तांब्याच्या तारा आणि चर्चच्या छपरावरचे शिसे चोरीला जाऊ लागले, तेव्हा इंग्लंड आणि वेल्समध्ये २०१३ चा भंगार धातूचा कायदा आला. परवाना आणि ओळखपत्र सक्तीचे झाले, रोख व्यवहार बंद झाला. स्कॉटलंडमध्ये जुन्या वस्तूंच्या विक्रेत्यांना परवाना लावण्याची सोय १९८२ च्या कायद्यातच आहे. केंट आणि मेडवे यांनीही २००१ साली आपापल्या भागापुरते असे कायदे करून घेतले.

पण दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. चोर सोडून संन्याशाला फाशी, असे तर होणार नाही? पुण्याहून नुकताच शिकायला आलेला मुलगा महिनाअखेरीस अडचणीत येतो आणि आपला फोन विकायला जातो. त्याच्या नावावर ना विजेचे बिल, ना घराचा करार. त्याला दारातूनच परत पाठवायचे का? शिवाय जुन्या वस्तूंचा व्यापार हे एक चांगले काम आहे. गरजूला स्वस्तात वस्तू मिळते, कचरा कमी होतो. काटकसरीच्या संस्कारात वाढलेल्या आपल्याला तर ते पटतेच. मूठभर चोरांपायी सर्वांवर संशय का घ्यावा?

मला वाटते, संशय आणि नियम यांत फरक आहे. रंग आणि उच्चार पाहून एखाद्यालाच "हा फोन तुझाच का?" असे विचारले, तर तो अपमान. प्रत्येकाला तेच विचारले, तर तो नियम. उलट नियम नसतो तेव्हाच दुकानदार चेहरा पाहून ठरवतो, आणि त्याचा फटका आपल्यासारख्या परक्यांना आधी बसतो. म्हणून निर्बंध असावेत, पण ओझे दुकानदाराने उचलावे. विकणाऱ्याचा पासपोर्ट पुरेसा मानावा आणि त्याची माहिती ठरावीक मुदतीनंतर नष्ट करावी.

आता आपल्याबद्दल. इथे एक जुना नियम होता. रूढ उघड्या बाजारात किंवा सिटी ऑफ लंडनच्या दुकानात, दिवसाउजेडी, प्रामाणिकपणे घेतलेली वस्तू चोरीची निघाली तरी घेणाऱ्याची होत असे. जानेवारी १९९५ मध्ये तो रद्द झाला. आज सज्जन गिऱ्हाइकालाही चोरीची वस्तू मूळ मालकाला परत द्यावी लागते. मात्र त्याला शिक्षा व्हायची, तर माल चोरीचा असल्याचे त्याला ठाऊक होते किंवा तशी त्याची खात्री होती, हे सिद्ध व्हावे लागते. नुसता संशय पुरत नाही.

कायदा जिथे थांबतो, तिथे आपल्या सदसद्विवेकाचे काम सुरू होते. चारशे पौंडांचा फोन शंभराला मिळतो, बिल नाही, डबा नाही, विकणारा घाईत आहे. मनात शंका येते आणि आपण ती दाबून टाकतो. "मला ठाऊक नव्हते" हे उत्तर खरे असेलही. पण "मी विचारलेच नाही" हेही तितकेच खरे असते. न्यायालयात पहिले उत्तर चालेल, घरी मुलांसमोर कोणते चालेल?

विचारायला फार लागत नाही. बिल मागावे. *#०६# दाबून दिसणारा क्रमांक बिलावरच्या क्रमांकाशी ताडून पाहावा. फोन आधीच्या मालकाच्या खात्यातून मोकळा झाला आहे ना, हे तपासावे. उत्तर धड मिळाले नाही तर उठून यावे. वाचलेले पैसे कोणाच्या खिशातून आले, एवढे विचारण्याची सवय आपल्या मुलांना लागली, तर संस्कार परदेशातही टिकले असे खुशाल म्हणावे.