रानड्यांचे उपरणे

गेल्या वर्षीच्या एका दिवाळी अंकात माझ्या एका जुन्या स्नेह्यांनी असे प्रतिपादन केले की, गुरूविषयीची कृतज्ञता ही वस्तुतः आळशी माणसांची सोय आहे. ज्याला गुरूपासून खरोखर काही लाभले तो आपल्या घटकापळांचा चोख हिशेब ठेवून कामाला लागेल, आणि ज्याला काहीच लाभले नाही तो पुण्यतिथ्या साजऱ्या करील, तसबिरींना हार घालील आणि गुरूच्या चष्म्याचे नाही तर छत्रीचे देव्हारे माजवील. लेख खटकेबाज होता. त्यातली छत्री माझ्या घरी आहे हे ठाऊक असलेले वाचक महाराष्ट्रात दोनच, एक लेखक स्वतः आणि दुसरा मी. तेव्हा हे उत्तर निव्वळ तत्त्वजिज्ञासेपोटी लिहीत आहे असा आव मी आणत नाही.

गुरुमाहात्म्याचे एकलव्यापासूनचे सारे दप्तर येथे सोडण्याचे प्रयोजन नाही. माझ्या स्नेह्यांना ते माझ्याहून अधिक मुखोद्गत आहे. मी एकाच उपरण्याचा दाखला हजर करतो.

1912 साली गोपाळ कृष्ण गोखले दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर असताना जोहान्सबर्ग येथे त्यांच्या सन्मानार्थ मेजवानी योजली होती, आणि त्या प्रसंगी घ्यावयाचे उपरणे ऐन वेळी चुरगळलेले निघाले. ते न्यायमूर्ती रानडे यांनी दिलेले. रानडे 1901 च्या जानेवारीत निवर्तले, म्हणजे निदान 11 वर्षे ते वस्त्र जपले गेले होते आणि विशेष प्रसंगावाचून बाहेर पडत नव्हते. परटाकडे धाडण्याइतका अवकाश उरला नव्हता, म्हणून गांधींनी इस्त्रीचे काम स्वतःकडे मागितले. त्यावर गोखले म्हणाले की तुमच्या वकिलीवर माझा भरवसा आहे, परीटकीवर मुळीच नाही. ही शंका अनाठायी म्हणता येणार नाही, कारण गांधींनी आपल्या हाताने धुतलेल्या पहिल्याच कॉलरीतून जादा झालेली खळ भर कोर्टात गळू लागली होती आणि वकीलमंडळींची चांगली करमणूक झाली होती. परंतु मला महत्त्वाचे वाटते ते पुढले: हे उपरणे आपल्याला काय आहे हे गांधींना कळावे म्हणून गोखल्यांनी ते मिळाल्याची हकीकत मोठ्या आनंदाने, तिथल्या तिथे, सांगितली.

आता हे गोखले कोण? 1901 च्या कलकत्ता काँग्रेसनंतर गांधी त्यांच्याकडे महिनाभर राहिले होते, आणि या गृहस्थाचा एक क्षणही फुकट जात नसे अशी साक्ष त्यांनी आत्मचरित्रात देऊन ठेवली आहे. तोच मनुष्य, मेजवानीची वेळ होत आलेली असताना, एका वस्त्राची कुळकथा सांगत बसतो! माझ्या स्नेह्यांच्या ताळेबंदात ही मिनिटे जमेस धरावयाची की खर्ची टाकावयाची?

येथे लेखणी ठेवली असती तर फिर्याद निकालात निघाली असती आणि मला सुखाने झोप लागली असती. परंतु गांधींच्या त्याच प्रकरणात आणखी एक तक्रार आहे. तुम्ही फिरावयास का जात नाही, असे त्यांनी विचारले असता गोखल्यांनी वेळ कोठे आहे असा उलट प्रश्न केला. मधुमेहाने पोखरलेला हा देह 19 फेब्रुवारी 1915 रोजी, 49 वर्षेही पुरी न करता, पडला. क्षणांच्या हिशेबाने माणूस कसा खाल्ला याचा हा पुरावा म्हणून मी टिपून ठेवला होता. पण टिपताना ध्यानात आले की ही कामाची असोशी गोखल्यांनी उचलली कोठून, तर रानड्यांकडूनच, आणि मग माझ्या स्नेह्यांचे म्हणणे, मला कितीही कडू लागो, अर्धे तरी खरे ठरते. गुरूने दिलेले उपरणे मिरवणे सोपे. गुरूने लावलेली सवय अंगी वागवणे प्राणावर बेतते.

तथापि ती सवय केवळ घड्याळाची नव्हती. 1887 च्या सुमारास सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकाचे काम गोखल्यांकडे आले, आणि रानड्यांच्या नजरेखाली सरकारी अहवाल चाळणे, आकड्यांची रुजवात घालणे, अर्जांचे मसुदे करणे ही उमेदवारी सुरू झाली. एवढ्या परिश्रमाने सिद्ध केलेल्या अर्जाला सरकारचा दोन ओळींचा कोरडा जबाब यावा, याने तरुण गोखले खट्टू झाले आणि या खटाटोपाचा उपयोग काय म्हणून गुरूंनाच विचारते झाले. रानड्यांनी समजावले की हे अर्ज नावापुरते सरकारला लिहिलेले असतात. ते खरोखर आपल्या लोकांसाठी असतात, अशा विषयांवर विचार कसा करावा हे त्यांना शिकता यावे म्हणून. पुढे 26 मार्च 1902 रोजी गोखल्यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात अंदाजपत्रकाची चिरफाड केली, तेव्हा मिठावर मणामागे अडीच रुपये कर होता. 1903 साली तो दोन रुपयांवर आणि 1907 साली एक रुपयावर आला. त्या एका भाषणानेच कर उतरला असे म्हणणे धाडसाचे होईल. ते भाषण झाले तेव्हा रानड्यांना जाऊन 14 महिने झाले होते.

आणि येथे मला माझ्या स्नेह्यांची चूकही दिसते आणि माझीही. मी छत्री जपली ती गुरुजींसाठी, अशी माझी समजूत होती. ते त्यांच्यापर्यंत पोचत नाही, सबब व्यर्थ, असा स्नेह्यांचा निवाडा. कृतज्ञतेचा अर्जही नावापुरताच गुरूला लिहिलेला असतो, हे आम्हा दोघांच्याही लक्षात आले नाही. जोहान्सबर्गमधला तो अर्ज रानड्यांनी वाचला नाही, गांधींनी वाचला. हट्टाने इस्त्री केली, ती नीट झाली, आणि गोखल्यांचे प्रशस्तिपत्र मिळाल्यावर साऱ्या जगाने नाकारले तरी आपल्याला पर्वा नाही, असे त्यांना वाटले.

आमच्या छत्रीच्या डाव्या बाजूच्या दोन काड्या फार दिवस मोडलेल्या होत्या. शाळा सुटल्यावर पावसातून घरी जाताना मध्ये गुरुजी त्रैराशिक समजावीत चालत, उजवीकडे माझे स्नेही आणि डावीकडे मी. त्यामुळे गणित दोघांना सारखे मिळाले आणि पाऊस मात्र माझ्या वाट्याला अधिक आला. यंदा श्रावणात ती छत्री घेऊन मी दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्याने ती उघडून पाहिली, मिटली आणि म्हणाला, "काका, एवढ्या पैशात नवी येईल की." मग मी त्याला सगळे पहिल्यापासून सांगितले. काडीला तार गुंडाळता गुंडाळता तो ऐकत होता, आणि माझ्या मागे दोन गिऱ्हाइके ताटकळत उभी होती.