देवाचा अलंकार, राजाचा मुकुट

‘नस्साक’ या नावाने जगाला माहीत असलेला हिरा मूळचा त्र्यंबकेश्वरचा, शिवाच्या पूजेतला मानला जातो. नाव म्हणजे इंग्रजी जिभेवर वाकडे झालेले ‘नाशिक’. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली तेव्हा दुसऱ्या बाजीरावाकडचा हा हिरा कंपनी सरकारने लुटीत घेतला. तेव्हा त्याचे वजन नव्वद कॅरटच्या जवळपास होते. लंडनच्या रंडेल अँड ब्रिज या पेढीने तो विकत घेऊन नव्याने पैलू पाडले आणि वजन ऐंशीच्या आसपास आले. पुढे वेस्टमिन्स्टरच्या मार्क्विसने तो आपल्या समारंभी तलवारीच्या मुठीत बसवला. १९४० मध्ये हॅरी विन्स्टन या अमेरिकी जवाहिऱ्याने त्याला पुन्हा पैलू पाडले. आता तो ४३.३८ कॅरटचा आहे. दर वेळी हिरा अधिक चमकला आणि अधिक लहान झाला.

या प्रवासात अपहार नेमका कुठे झाला? इंग्रजांनी नेला हे उत्तर सोपे आहे, पण अपुरे. हिरा शिवाला वाहिलेला असेल, तर तो पेशव्यांच्या जवाहिरात कसा आला हा प्रश्न आधी येतो. आणि तो पेशव्यांचाच असेल, तर हरलेल्या राजाचा खजिना जिंकणाऱ्याचा, हा त्या काळी सर्वांनी पाळलेला व्यवहार होता. मराठी फौजांनीही तो पाळला. म्हणजे वाद येऊन थांबतो तो एका जुन्या तात्त्विक प्रश्नापाशी: देवाला वाहिलेल्या वस्तूचा मालक कोण?

मीमांसकांचे उत्तर भाविकाला धक्का देणारे आहे. जैमिनिसूत्रांच्या नवव्या अध्यायावर भाष्य करताना शबरस्वामी म्हणतात की देवतेला शरीर नाही, ती नैवेद्य खात नाही आणि तिच्याकडे मालकीही नाही. ‘देवाचे गाव’, ‘देवाचे शेत’ हे बोलणे केवळ औपचारिक. देव ते शेत आपल्या मनाप्रमाणे वापरत नाही, मग मालकी कसली? पण ते तिथेच थांबत नाहीत. देवतेच्या उद्देशाने जे सोडून दिले, त्यातून तिच्या परिचारकांचा निर्वाह होतो, असेही ते सांगतात. म्हणजे देणाऱ्याचा हक्क संपला, आणि घेणाऱ्याला ती वस्तू आपल्या मर्जीने वापरता येत नाही. दान परत घेण्याला धर्मशास्त्रात ‘दत्तापहार’ असे स्वतंत्र नावच आहे. देव मालक आहे की नाही यावर पंडितांचे मतभेद राहिले. राजा मालक नाही यावर फारसे राहिले नाहीत.

शिवाजी महाराजांनी १६७४ च्या राज्याभिषेकाआधी प्रतापगडावर भवानीला सव्वा मण सोन्याचे छत्र अर्पण केले. स्वतःच्या डोक्यावर छत्र धरवून घेण्याआधी देवीवर धरले, हा क्रम बोलका आहे. रायगडचे सिंहासन बत्तीस मण सोन्याचे होते असे सभासद लिहितो. १६८९ मध्ये गड मोगलांकडे गेला आणि ते सिंहासन नाहीसे झाले.

युरोपातही हाच पेच होता, आणि बोहेमियाने तो सर्वांत सुबक रीतीने सोडवला. चौथ्या चार्ल्सने आपल्या १३४७ च्या राज्याभिषेकासाठी प्रागमध्ये मुकुट घडवला आणि तो राजाला न देता संत वेन्सेस्लासला दिला. मुकुट संताच्या मस्तकावर राहायचा. नव्या राजाने तो राज्याभिषेकापुरता मागून घ्यायचा आणि परत करायचा. इंग्लंडने याच्या उलटे टोक पाहिले. १६४९ मध्ये पहिल्या चार्ल्सचा शिरच्छेद झाल्यावर पार्लमेंटने राजचिन्हे मोडीत काढली, सोने वितळवले. आजचा सेंट एडवर्डचा मुकुट त्या संतराजाच्या नावाचा असला, तरी तो १६६१ मध्ये दुसऱ्या चार्ल्ससाठी घडवलेला आहे. तिथली राजरत्ने राजाची खासगी संपत्ती नाहीत, ती राजपदाची; राजा त्यांना विकू शकत नाही. संताच्या जागी एक अमूर्त पद बसवले, एवढाच फरक. शबरस्वामींना ही युक्ती ओळखीची वाटली असती.

त्याच संग्रहातला कोहिनूर रणजितसिंगांनी १८३९ मध्ये मृत्युशय्येवर पुरीच्या जगन्नाथाला देऊ केला होता. खजिनदाराने तो सोडला नाही. दहा वर्षांनी लाहोरच्या तहात बालवयाच्या दुलीपसिंगाकडून तो इंग्रजांनी घेतला. संकल्प झाला, त्याग झाला नाही; मीमांसेच्या भाषेत दान अपुरे राहिले.

विसाव्या शतकात न्यायालयांनी जुन्या वादाला वेगळे वळण दिले. १९२५ मध्ये मल्लिक कुटुंबाच्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने मूर्तीला कायदेशीर व्यक्ती मानले. तिची इच्छा डावलून सेवेकऱ्यांना तिला हलवता येणार नाही, असा निर्णय दिला. १९९१ मध्ये लंडनच्या अपील न्यायालयाने तमिळनाडूतल्या पाथूरच्या नटराज मूर्तीवर तिथल्या मंदिराचा हक्क मान्य केला आणि मूर्ती भारतात परतली. ज्या शहरात नस्साक विकला गेला, त्याच शहरात मंदिराला फिर्यादी म्हणून उभे राहता आले. १८१८ मध्ये त्र्यंबकेश्वराच्या वतीने तशी फिर्याद करणारे कोणी नव्हते, आणि बाजीरावाच्या वतीने ती करता येण्यासारखी नव्हती.

त्र्यंबकला उगम पावणारी गोदावरी पुढे जालना जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून वाहते. या भागात, घनसावंगी तालुक्यात, समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब आहे. समर्थांच्या घराण्याने पूजलेल्या तिथल्या राम मंदिरातल्या पंचधातूच्या मूर्ती ऑगस्ट २०२२ मध्ये चोरीला गेल्या. त्या मूर्तींचे मोल धातूच्या भावाने करणारा चोर आणि नस्साकचे कॅरटमध्ये करणारा जवाहिऱ्या यांच्यात मोठा फरक नाही. काही महिन्यांतच पोलिसांनी मूर्ती शोधून काढल्या.