दया आणि यादी

आपले जिल्हे निजामाच्या राज्यात होते, तेव्हाची गोष्ट. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीला महापूर आला. हैदराबादेत सुमारे १५,००० माणसे दगावली, असा अंदाज आहे. काठावरचे अफझलगंजचे रुग्णालयही त्यात गेले. जखमींना औषध जेथे मिळायचे, ते ठिकाणच उरले नाही. औषध असणे आणि ते गरजूच्या हाती पडणे, यांतले अंतर कोणी भरून काढायचे? आणि केव्हा?

संकट कोसळले की आपले मन द्रवते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, त्यानंतर आपल्या भागाने मदतीचे असंख्य हात पाहिले. त्या दयेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण दया सच्ची असली म्हणजे पुरते काय? १९८८ साली आर्मेनियात भूकंप झाला. जगभरातून सुमारे ५,००० टन औषधे आणि वैद्यकीय साहित्य तेथे आले. ते निवडून लावायला ५० माणसांना ६ महिने लागले. काहींची मुदत संपलेली होती, तर कितीतरी खोक्यांवरची भाषाच कळत नव्हती. पुढे १९९६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने औषधदानाचे नियम सांगितले. त्यांचे सार एवढेच, की घेणाऱ्याची गरज आधी विचारावी.

दानाला देश, काल आणि पात्र पाहावे, हे आपल्याकडचे जुनेच सांगणे. ते मानले, तर यादी करणे हे कोरडे कारकुनी काम राहत नाही. लस थंड कोठे राहील, सलाईन कोणत्या उंच जागी ठेवावे, पूल तुटला तर दुसरी वाट कोणती, कोठाराची किल्ली कोणाकडे? शांत दिवसांत ही उत्तरे लिहून ठेवणे म्हणजे अजून न भेटलेल्या जखमी माणसाची काळजी वाहणे होय.

कोणी म्हणेल, आजचा रोगी औषधावाचून तळमळत असताना उद्यासाठी साठा अडवून ठेवणे न्याय्य आहे का? आक्षेप खरा आहे. म्हणून साठा फिरता हवा. मुदत जवळ आलेले औषध आजच्या रोग्याला द्यावे आणि त्याची जागा नव्याने भरावी. तसे केले तर आजचा आणि उद्याचा रोगी एकमेकांचे वैरी होत नाहीत.

पुढे मुसीच्याच काठी उस्मानिया रुग्णालय उभे राहिले. जुलै २०२० मध्ये पावसाचे पाणी त्याच्या जुन्या इमारतीतील वॉर्डांत शिरले. दया संकटानंतर जागी होते, हा तिचा स्वभावच आहे. आधी जागे राहण्याचे काम कर्तव्याचे, आणि ते आपल्यालाच करावे लागते.