थकलेल्यांचा देव

कष्टाने आलेला थकवा रात्रीच्या झोपेने उतरतो. पण झोपूनही न उतरणारा थकवा असतो. अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांची वर्षानुवर्षे सेवा करणारी सून, रात्रपाळ्या करून आटत गेलेली परिचारिका, दर रविवारी मंडळीला धीर देणारा आणि स्वतः रिता होत गेलेला पाळक, या साऱ्यांना तो ठाऊक असतो. माणूस श्रद्धावान असेल तर त्याच्यावर आणखी एक ओझे चढते. प्रार्थनेला बसल्यावर शब्द सुचत नाहीत, उपासनेला जायला पाय उचलत नाही, आणि मग आपली श्रद्धाच कमी पडली असे वाटून तो मनातल्या मनात खचतो. अशा माणसाला ख्रिस्ती श्रद्धा काय देऊ शकते?

पवित्र शास्त्रातल्या एलीया संदेष्ट्याच्या कथेत याचे उत्तर आहे. कर्मेल डोंगरावर त्याने मोठा विजय मिळवला, आणि लगेच ईजबेल राणीच्या धमकीने तो रानात पळाला. एका झुडपाखाली बसून त्याने देवाकडे मरण मागितले. देवाने त्याला फटकारले नाही, त्याच्या श्रद्धेची झडतीही घेतली नाही. त्याला झोपू दिले. देवदूताने उठवून भाकर आणि पाणी दिले, पुन्हा झोपू दिले, पुन्हा खाऊ घातले. पुढे होरेब डोंगरावर वादळ, भूकंप, अग्नी हे सगळे सरल्यावर एका मंद वाणीतून देव त्याच्याशी बोलला. त्याची तक्रार ऐकून घेतली, त्याला नवे काम सांगितले आणि अलीशासारखा सोबतीही दिला. आधी शरीर, मग सान्निध्य, मग सोबत आणि काम असा हा क्रम आहे. आपण बहुतेक वेळा तो उलटा करतो. थकलेल्याला आधी काम सांगतो, मग उपदेश करतो. त्याच्या जेवणाझोपेची चौकशी मात्र राहून जाते.

सांगली-मिरजेचा ख्रिस्ती इतिहास मला म्हणूनच जवळचा वाटतो. कॅनडात जन्मलेले डॉ. विल्यम वानलेस १८८९ मध्ये अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे सांगलीत आले. १८९४ मध्ये मिरजेत त्यांचे रुग्णालय सुरू झाले. आज दक्षिण महाराष्ट्र आणि उत्तर कर्नाटकातले रुग्ण मिरजेची वाट धरतात, त्या परंपरेचा पाया या कामात आहे. सांगली-मिरज रस्त्यावरच्या वानलेसवाडीत त्यांचे नाव टिकून आहे. क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम तिथेच उभे राहिले. क्षयावर गुणकारी औषधे १९४०च्या दशकात येऊ लागली. तोवर विश्रांती, मोकळी हवा आणि सकस आहार यांवरच रोग्याची सारी भिस्त असे. पडून राहणे हाच तिथे उपचार होता, आणि पडून राहिलेल्या माणसाची शुश्रूषा करणे ही ईश्वरसेवा होती. आज मनाने कोसळलेल्या माणसाला डॉक्टरांकडे नेताना ज्यांना प्रार्थनेवरचा विश्वास उणावल्यासारखे वाटते, त्यांनी मिरजेकडे पाहावे. औषध आणि प्रार्थना तिथे एकाच छपराखाली नांदली आहेत.

पण भाकर आणि झोप मिळूनही माणूस रिता राहू शकतो. त्याला कुणाच्या तरी सान्निध्याची भूक असते. इथे साताऱ्याची आठवण अपरिहार्य आहे. कवी नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पुढची दोन दशके त्यांनी मिशनचे काम केले, 'ज्ञानोदय' या ख्रिस्ती नियतकालिकासाठी लिहिले, अभंग रचले, ख्रिस्ती कीर्तनाला रूप दिले. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी पोचलो, अशी त्यांची भावना होती. परदेशी पैशावर आणि परदेशी वळणाने चालणारे मंडळीचे जीवन त्यांना खुपत होते. अखेर १९१७ मध्ये, पंचावन्नाव्या वर्षी, त्यांनी मिशनची नोकरी सोडली, संन्यस्त वृत्ती पत्करली आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' स्थापन केला. ख्रिस्ताला गुरू मानणारा कोणीही, बाप्तिस्मा झालेला असो वा नसो, तिथे बंधू म्हणून यावा अशी त्यांची कल्पना होती. ज्या वयात माणूस निवृत्तीचा हिशेब मांडतो, त्या वयात त्यांनी हाताशी असलेला आधार सोडला. दरबाराला फार काळ लाभला नाही. ९ मे १९१९ रोजी टिळक मुंबईत वारले. तरी ते साहस मला मोलाचे वाटते. श्रद्धेवर संस्थेची, सवयीची, पगाराची पुटे चढली की ती जड होते. ती पुटे दूर करून पुन्हा ख्रिस्ताच्या पायाशी बसणे, हेच टिळकांचे नूतनीकरण होते.

अर्थात असा संन्यास घरच्यांच्या वाट्याला वेगळे कष्ट आणतो, आणि ते टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी सोसले. पतीच्या धर्मांतरानंतर विरहाची आणि घालमेलीची वर्षे त्यांनी काढली. स्वतःच्या मनाची वाट चालून १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला. टिळक गेले तेव्हा ख्रिस्तचरित्रावरचे त्यांचे काव्य 'ख्रिस्तायन' अपुरे होते; त्यांच्या हातून सुरुवातीचे दहाएक अध्याय झाले होते. शाळा न पाहिलेल्या या बाईने पुढचे बहुतेक अध्याय रचले. १९३४ पासून त्यांची आत्मकथा 'स्मृतिचित्रे' प्रसिद्ध होऊ लागली, तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती. एलीयाच्या कथेतली तिसरी पायरी मला इथे दिसते. उभारी आल्यावर काम हाती घ्यावे असे आपण म्हणतो. कधीकधी प्रेमाने हाती घेतलेले कामच उभारी देते.

येशूने कष्टी आणि भाराक्रांत माणसांना जवळ बोलावले, विसावा देण्याचे वचन दिले आणि त्याच दमात आपले जू खांद्यावर घ्यायला सांगितले. विसावा आणि जू यांचा मेळ कसा बसायचा? कृष्णाकाठच्या शेतकऱ्याला हे सांगावे लागणार नाही. जुवाला दोन बैल असतात, आणि नवख्याच्या जोडीला जाणता बैल असला की वाट सरळ राहते. ख्रिस्ताने दिलेल्या विसाव्याचा अर्थ मी असा समजतो: काम उरते, पण ते एकट्याने ओढायचे उरत नाही. देवाचे राज्य आपल्याच खांद्यावर उभे आहे, हा समज सुटतो. मी एकटाच उरलो, असे एलीया म्हणत होता. आणखी सात हजार जण आहेत, असे देवाने त्याला सांगितले.

ते सात हजार थकलेल्या माणसाला दिसले पाहिजेत, आणि ही जबाबदारी मंडळीची आहे. पाळकाला वर्षातून काही दिवस खरीखुरी रजा द्यावी. घरच्या रुग्णाची सेवा करणाऱ्या बाईला आठवड्यातून एक दुपार मोकळी मिळेल अशी पाळी लावून घ्यावी. उपासनेत गप्प बसलेल्याला साक्ष द्यायचा आग्रह करू नये. त्याच्या वतीने इतरांनी प्रार्थना करावी. आणि जो थकला आहे त्याने निःसंकोच जेवावे, झोपावे, गरज असेल तर डॉक्टरांना गाठावे आणि देवाला आपली तक्रार सांगावी. एलीयाने ती सांगितली, आणि देवाने त्याला सोडले नाही.