नदीच्या खर्चात पाणी कुठे आहे?

१९७५ च्या सुमारास भारतातील लांब तोंडाची सुसर संपल्यातच जमा होती. देशभरात मिळून दोनशेही उरल्या नसाव्यात, असा अंदाज होता. त्या वर्षी केंद्र सरकारने संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने मगर प्रकल्प हाती घेतला. नदीच्या वाळवंटातून अंडी गोळा करायची, लखनौजवळच्या कुकरैलसारख्या केंद्रात पिल्ले वाढवायची आणि मीटरभर लांबीची झाली की पाण्यात सोडायची, अशी ती रीत. चंबळचा मोठा पट्टा अभयारण्य झाला, काही हजार पिल्ले नद्यांत गेली. सरकारी पैशाने हे काम झाले आणि चांगले झाले, हे आधी मान्य करायला हवे. पण १९९१ मध्ये हेतू साध्य झाल्याचे सांगून केंद्राने अंडी गोळा करण्याचा आणि पिल्ले वाढवण्याचा निधी थांबवला, आणि १९९९ ते २००३ या काळात चंबळमध्ये मोजणीही झाली नाही. प्रौढ सुसरींचा अंदाज १९९७ मध्ये ४३६ होता; २००६ मध्ये तो २०० च्या खाली आला. २००७-०८ च्या हिवाळ्यात तर यमुनेच्या संगमाकडील भागात शंभरावर सुसरी मेल्या.

यातून सहसा निघणारा निष्कर्ष असा की निधी थांबवायला नको होता. तो अर्धाच खरा आहे. सुसरीला खोल डोह हवा आणि अंडी घालायला उंच, कोरडी वाळूही हवी. अभयारण्याच्या वर गांधीसागरपासून कोटा बंधाऱ्यापर्यंत चार ठिकाणी चंबळचे पाणी अडते, आणि खालची वाळू ट्रॅक्टर-ट्रॉल्यांतून शहरांकडे जाते. पिल्ले वाढवण्यावर आणखी दहा वर्षे खर्च झाला असता, तरी ती याच आटत्या नदीत सोडावी लागली असती. आपण पैसे देऊन प्राणी वाढवला, नदी मात्र राखली नाही. म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे: नदीकाठच्या वन्यजीवांवरचा सार्वजनिक खर्च किती पिल्ले सोडली यावर जोखू नये, उन्हाळ्यात नदीत किती पाणी राहिले यावर जोखावा.

हीच कसोटी गंगेला लावून पाहावी. गंगा स्वच्छतेची नमामि गंगे योजना २०१४ मध्ये मंजूर झाली, वीस हजार कोटींची. पैसा सगळा केंद्राचा, म्हणजे नागपूरच्या करदात्याचाही. त्यातला मोठा वाटा सांडपाणी शुद्ध करण्यावर गेला, आणि ते गरजेचेच होते. पण शुद्ध केलेले सांडपाणी सामावून घ्यायलाही नदीत मूळचे पाणी लागते. ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेने पहिल्यांदा किमान प्रवाह ठरवून दिला: पावसाळा सोडून हरिद्वारच्या भीमगोडा बंधाऱ्याखाली सेकंदाला ३६ घनमीटर, बिजनौर, नरोरा आणि कानपूरला २४. हरिद्वारहूनच निघणाऱ्या वरच्या गंगा कालव्याची क्षमता सेकंदाला जवळपास ३०० घनमीटर आहे. ही तुलना नुसती शेजारी ठेवली तरी पुरे. यावर कोणी म्हणेल, २०२५ मध्ये जाहीर झालेल्या गणनेत ६,३२७ नदी-डॉल्फिन आढळले, मग पैसा वाया कसा गेला? वाया गेला असे मी म्हणत नाही. पण देशभराची इतकी व्यापक गणना ही पहिलीच. ती सुरुवातीची खूण आहे, वाढीचा पुरावा नाही. पहिल्याच आकड्यावर समाधान मानले की काय होते, ते सुसरीने दाखवून दिले आहे.

खरा आक्षेप वेगळा आहे. पाणी नदीत सोडायचे तर ते शेतकऱ्याच्या पाटातून काढायचे, आणि माणसापुढे सूंस महत्त्वाचा कसा? (डॉल्फिनला तिकडचे कोळी याच नावाने ओळखतात.) हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. मात्र गंगा-यमुनेमधल्या दुआबातल्या त्या पाण्यावर प्रामुख्याने काय उभे आहे, तर ऊस. आणि उसाला मोकाट पाणी देण्याचे अर्थकारण मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. तिथे कालव्याची पाळी मोजून द्यावी, वाचलेल्या पाण्याचा शेतकऱ्याला मोबदला द्यावा, आणि तो खर्च वन्यजीव संवर्धनाच्या खात्यातून व्हावा. वन खात्याचा पैसा कृषी खात्यात कसा, हा कारकुनी प्रश्न आहे. त्या नदीवर जगणाऱ्या कोळ्यालाही हेच पाणी लागते, त्यामुळे माणूस विरुद्ध डॉल्फिन ही मांडणीच अपुरी ठरते.

पैसा एका हाताने द्यायचा आणि दुसऱ्याने काढून घ्यायचा, याचे उदाहरण वाराणसीत आहे. गंगा कृती योजनेच्या पैशातून तिथे कासवे वाढवून सोडली गेली. त्यांच्यासाठी १९८९ मध्ये रामनगर किल्ल्यापासून मालवीय पुलापर्यंत सात किलोमीटरचे अभयारण्य झाले. २०१८ मध्ये रामनगरला मालवाहू जहाजांचा धक्का सुरू झाला. २०२० मध्ये ते अभयारण्य रद्द करण्यात आले.